‘श्यामची आई’ आणि अंगणाबाहेरची माणसं



आजचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. जुन्या काळातल्या घराची गोष्ट सांगणारा कौटुंबिक चित्रपट घ्यायचा आणि विचारायचं, की यात समाजातली किती तऱ्हेची माणसं आली, आणि आली ती कशी आली? यासाठी मी ‘श्यामची आई’ निवडला, कारण तो न पाहिलेला माणूस या सभागृहात सापडणं कठीण. शिवाय ज्या चित्रपटावर आपलं प्रेम आहे, त्यालाच असा प्रश्न विचारून पाहावा. नावडत्या चित्रपटाच्या चुका काढायला काय लागतं?

आधी माहिती पक्की करू. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ मध्ये ते छापून आलं. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. आई झाल्या वनमाला, श्याम झाले माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार त्याच वेळी सुरू झाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. पुढे २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तो पुन्हा केला, मुद्दाम कृष्णधवल. त्यालाही त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे सत्तर वर्षांच्या अंतरानं देशानं दोनदा या आईला नमस्कार केला. तेव्हा ही आई नेमकी कोणाकोणाची, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे की नाही?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला शब्द सोडवून बघायची खोड असते. इंग्रजीत ज्याला एकच शब्द आहे, त्याला मराठीत आपल्याकडे दोन आहेत. एक ‘प्रतिनिधित्व’ आणि दुसरा ‘चित्रण’. ग्रामपंचायतीत तुमच्या वॉर्डाचा सदस्य बसतो, ते प्रतिनिधित्व. तुमच्या वॉर्डाचा कोणी फोटो काढतो, ते चित्रण. सदस्य बोलतो, फोटो बोलत नाही. चित्रपटाच्या चर्चेत आपण हे दोन्ही एकत्र कालवतो. पडद्यावर अमुक समाजाचा माणूस दिसला, की प्रतिनिधित्व झालं म्हणून मोकळे होतो. अहो, दिसला तो फोटो. तो बोलला का? त्याच्या बाजूनं गोष्ट एकदा तरी वळली का? त्यापुढे तिसरी गोष्ट आहे, तिला मी ‘शोकाचा अधिकार’ म्हणतो. कोणाच्या दुःखासाठी चित्रपट थांबतो, संगीत हळू होतं आणि थिएटरमधली सगळी जात-पात रुमाल काढते? हा अधिकार ज्याला मिळाला, तो खरा पडद्यावर आला.

आता मोजणीचा मार्ग बघू. अमेरिकेत ऑस्करवाल्यांनी २०२४ पासून नियम केला, की सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत यायचं तर समावेशाच्या चार निकषांपैकी किमान दोन पूर्ण करा. त्यांच्या देशाच्या इतिहासात त्याला कारण आहे, मी त्याची टिंगल करत नाही. पण तो कोष्टक-कागद घेऊन ‘श्यामची आई’कडे गेलो, तर गंमत होते. महाराष्ट्राच्या मनातली ती कोकणस्थ ब्राह्मण माउली साकारणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या पवार सरदार घराण्यातल्या. जब्बार पटेलांच्या चित्रपटात बाबासाहेब झाले ते केरळचे मामुट्टी, आणि त्यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही भूमिका उत्तमच झाल्या. म्हणजे भूमिका कोणी केली, एवढ्यावरून निकाल लागत नाही.

दुसरा एक उपाय आजकाल फार चालतो. ‘ब्रिजर्टन’ नावाची मालिका तुमच्यापैकी तरुण मंडळींनी पाहिली असेल. इंग्लंडचा दोनशे वर्षांपूर्वीचा उमराव-समाज, आणि त्यात राणीसकट अनेक उमराव काळ्या वर्णाचे. कल्पनारम्य गोष्ट म्हणून ठीक. पण आपल्याकडे हा उपाय लागूच पडत नाही, कारण जात कातडीवर नसते. जात कुठं असते? पाणवठ्यावर असते, चुलीपाशी असते. ओटीवर कोण बसतो, पडवीपर्यंत कोण येतो, अंगणात कोण उभा राहतो आणि वेशीबाहेरून हाक कोण देतो, यात असते. १९१० सालच्या पालगडात श्यामला एक महाराचा जिवलग मित्र दाखवला आणि दोघांना एका ताटात जेवताना दाखवलं, तर बेरीज जुळेल, पण ते खोटं होईल. ज्यांनी अस्पृश्यता सोसली त्यांच्या सोसण्यावरच आपण बोळा फिरवू. म्हणून जुन्या काळाच्या चित्रपटात नुसती ‘विविधता’ घाला म्हणणं मला पटत नाही. विविधता तेव्हाही होतीच. तिच्यामध्ये भिंती होत्या. चित्रपटानं दाखवायच्या त्या भिंती.

इथं कौटुंबिक चित्रपट या प्रकाराचीच एक अडचण आहे, ती नीट समजून घ्या. हा चित्रपट घरात घडतो. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, फार तर विहीर आणि अंगण. आणि त्या काळच्या घराचा नियम काय? अमुक लोक आत येणार नाहीत. आता कॅमेराही घरातच बसला, तर घराचा नियम तोच कॅमेऱ्याचा नियम होतो. दिग्दर्शकाच्या मनात कोणाविषयी वाईट नसतं हो! तरीपण जे घरात येऊ शकत नव्हते, ते चित्रातही येत नाहीत. कॅमेरा सोवळ्यात बसतो आणि आपल्याला ते कळतही नाही, कारण घर सुंदर असतं, आई प्रेमळ असते आणि तुळशीपुढे दिवा लागलेला असतो.

आता पुस्तकातला एक प्रसंग घेऊ. दोन्ही चित्रपटांच्या मागे पुस्तकच उभं आहे, म्हणून तिकडेच जातो. एक म्हातारी महारीण मोळी घेऊन चाललेली असते. मोळी खाली पडते, तिला ती एकटीनं उचलवत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. लोक काय म्हणतील? तर घरी येऊन आंघोळ कर म्हणजे झालं.

या प्रसंगाची दोन वाचनं होतात. पहिलं म्हणजे, काय थोर बाई! शंभर वर्षांपूर्वी, कोकणातल्या खेड्यात, सोवळ्याच्या घरातली बाई आपल्या मुलाला अस्पृश्य म्हातारीला हात लावायला पाठवते. हे खरं आहे, आणि त्याला धैर्य लागलं असणार. दुसरं वाचन म्हणजे, मग ती आंघोळ कशाला? ज्या हातांनी माणुसकी केली तेच हात नंतर धुवायचे? हेही खरं आहे. माझं म्हणणं, दोन्ही वाचनं एकदम हातात धरा. गुरुजींनी आंघोळ लपवली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आईला देवी करायची असती, तर ते एक वाक्य गाळणं काही अवघड नव्हतं. आणि मुलगा आईच्या पुढं गेला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून हेच साने गुरुजी उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी मंदिर उघडलं. आईची शिकवण अर्ध्या वाटेवर थांबली होती, ती मुलानं पुढं नेली. चांगल्या शिकवणुकीचं असंच असतं.

पण मंडळी, माझा प्रश्न तिसराच आहे. त्या म्हातारीचं पुढं काय झालं? मोळी डोक्यावर आली. ती कुठं गेली? घरी तिची वाट कोण बघत होतं? चूल पेटली का? श्याम घरी येतो, आपणही त्याच्या मागोमाग घरी येतो. म्हातारीला नावसुद्धा नाही. ती गोष्टीत आली ती श्यामच्या मनाचा मोठेपणा दाखवायला. मघाचा शब्द वापरायचा तर ती फोटोत आहे, पण बोलत नाही. आणि शोकाचा अधिकार तर तिला नाहीच.

तो अधिकार तिला कोणी दिला, सांगू? नागपूर ही ज्यांची कर्मभूमी, ते आपले कवी वामन निंबाळकर. त्यांची ‘आई’ नावाची कविता आहे. त्यात मुलं घरी वाट बघत बसलेली असतात, कारण आई रानात लाकडं आणायला गेलेली असते. मोळी विकली गेली तर घरात काही शिजणार. एके दिवशी तिला साप चावतो आणि आई जाते. मुलगा मोठा झाल्यावरसुद्धा मोळीवाली बाई दिसली, की त्याचा जीव गलबलतो. मी ओळी म्हणत नाही, तुम्ही मिळवून वाचा. पण बघा, मोळी तीच आहे. एकीकडे ती रस्त्याच्या कडेनं दिसते आणि दुसरीकडे तिच्या घरातून. गुरुजींनी ती मोळी खाली पडलेली पाहिली. निंबाळकरांनी ती घरी आली नाही तेव्हा काय होतं ते सांगितलं. दोघांनीही आईवरच लिहिलं. पण शाळाशाळांतून दाखवल्या गेलेल्या चित्रपटात एकच आई आली.

बाबुराव बागुलांची ‘आई’ ही कथा तर हाच पेच वर्गात आणून ठेवते. शाळेत आईच्या वात्सल्याची कविता शिकवणं चाललं आहे, वर्ग भारावला आहे, आणि त्याच वर्गात बसलेल्या एका पोराला आपल्या विधवा, कष्टकरी आईवरून टोमणे ऐकावे लागत आहेत. फळ्यावरची आई आणि झोपडीतली आई, दोन्हींच्या मध्ये ते पोरगं सापडतं. एकाच प्रकारच्या आईला ‘आई’ म्हटलं, की बाकीच्या आयांच्या लेकरांना काय वाटतं, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितलेलं मला माहीत नाही.

आपल्या भागाचंच घ्या ना. इथं लेकरू ‘माय’ म्हणते. खदानीवर जाणारी माय, धान रोवणारी माय, विड्या वळणारी माय. ‘आई’ हा शब्द कित्येक घरांत शाळेच्या पुस्तकातून आला. त्यात वाईट काही नाही, शब्द येतच असतात. पण ‘माय’ कधी पुस्तकात, सिनेमात सुवर्णपदकापर्यंत गेली का, हेही विचारायला हवं.

आता गरिबीकडे येऊ, कारण ‘श्यामची आई’ आपल्याला रडवतो तो गरिबीनं. कर्ज, जप्ती, आईचे हाल, १९१७ मधला तिचा मृत्यू. हे दुःख शंभर टक्के खरं आहे. पण ही गरिबी कोणती? गुरुजी स्वतःच सांगतात, की आपलं घराणं खोताचं. खोत म्हणजे कोकणात सरकारसाठी सारा वसूल करणारा आणि कुळांवर सत्ता चालवणारा. कुळानं कष्ट करायचे, पिकाचा मोठा वाटा खोताला घालायचा, वर वेठ. ही पद्धत इतकी जाचक होती, की १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती नाहीशी करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. श्यामचं घर बुडालं तेव्हा ते उंचावरून खाली आलं, म्हणून त्याची गोष्ट झाली. जी कुळं आधीपासून खालीच होती त्यांचं काय? पडण्याची गोष्ट होते, तळाला राहण्याची होत नाही. आपल्या कौटुंबिक चित्रपटांची ही फार जुनी सवय आहे.

आणि आता एक योगायोग सांगतो. पालगड हे दापोली तालुक्यातलं गाव. त्याच दापोली तालुक्यात वणंद नावाचं गाव आहे, रमाबाई आंबेडकरांचं माहेर. तिचे वडील दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लवकर गेले. १९०६ च्या सुमारास, श्याम सहा-सात वर्षांचा असताना, ही चिमुकली रमा भायखळ्याच्या बाजारात बोहल्यावर उभी राहिली. पुढं नवरा परदेशी शिकायला गेलेला, घरात दारिद्र्य, आणि पाच लेकरांपैकी चार तिनं मातीआड केली. १९३५ च्या मे महिन्यात ती गेली. ज्या वर्षी ‘श्यामची आई’ पुस्तक आलं, त्याच वर्षी. एकाच तालुक्याच्या, एकाच काळाच्या दोन आया. एकीला सुवर्णपदक मिळालं. दुसरीला आपल्या वस्त्यांनी ‘रमाई’ केलं, भीमगीतांत गायलं, सात फेब्रुवारीला तिची जयंती मांडली. तिच्यावर चित्रपट निघाले, पण सगळ्या महाराष्ट्रानं एकत्र बसून रडावं असा तो दर्जा, तो पैसा, ते वितरण तिच्या वाट्याला आलं नाही.

बरं, कोणी म्हणेल, सर, आता तर खूप चित्रपट येतात की. येतात. कामठीच्या बाबू हरदासांवर ‘बोले इंडिया जय भीम’ आला. महात्मा फुल्यांवर २०२५ मध्ये हिंदी चित्रपट आला, तोही सेन्सॉरनं जातींची नावं असलेले काही शब्द बदलायला लावल्यावर. जात दाखवायची पण तिचं नाव घ्यायचं नाही, असा तो प्रकार. हे चित्रपट हवेतच. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? वरच्या जातीच्या घराला कौटुंबिक चित्रपट मिळतो, आणि खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाला चरित्रपट मिळतो. म्हणजे पडद्यावर यायचं तर त्यानं एक तर महापुरुष व्हावं, नाही तर अत्याचाराचा बळी व्हावं. साधं घर, सासू-सुनेची कुरबुर, पोराचा हट्ट, सणाला केलेलं गोडधोड, आईच्या हातचा मार, हे त्याच्या वाट्याला येत नाही. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ या बाबतीत वेगळा ठरला, कारण त्यात कैकाडी कुटुंबाचं घर घर म्हणून दिसलं. पण तो आजच्या काळाचा. जुन्या काळातलं असं घर अजून यायचं आहे.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडतो, तो खरा आहे. एका चित्रपटात सगळं कसं येणार? गुरुजींनी आपल्या आईबद्दल लिहिलं, त्यांनी दुसऱ्याच्या आईबद्दल का लिहावं? अत्र्यांनी पुस्तकाशी इमान राखलं, हा दोष कसा? आणि दलित, बहुजन, मुसलमान घरांतली माणसंही हा चित्रपट बघून रडली, ते अश्रू खोटे होते का?

मुळीच नाही. ते अश्रू हीच या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसा मनाला लागू नये म्हणून जप, ही शिकवण कोणत्या जातीची आहे? कोणत्याच नाही. एका घराची गोष्ट एका घराचीच असावी, यातही मला काही चूक दिसत नाही. खरं सांगायचं तर एका घराची गोष्ट खरी असेल, तरच ती सगळ्यांची होते. माझी तक्रार वेगळी आहे. हा रस्ता एकेरी झाला. कन्हानच्या माणसानं पालगडच्या आईसाठी रडायचं, हे ठरलं. पण पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या माणसानं वणंदच्या रमेसाठी, आपल्याच घरातल्या कोणासाठी रडावं तसं रडावं, अशी सोय आपण केली नाही. ही जबाबदारी एका चित्रपटाची नाही. ती आपल्या सगळ्या चित्रपटसृष्टीची आहे, पुरस्कार देणाऱ्यांची आहे, शाळेत कोणता चित्रपट दाखवायचा हे ठरवणाऱ्यांची आहे, आणि तिकीट काढणाऱ्यांचीही.

अत्र्यांना हे उमगलं असावं, असं मला वाटतं. ‘श्यामची आई’नंतर पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्यांनी ‘महात्मा फुले’ केला. मुहूर्ताला बाबासाहेब होते, आणि पडद्यावर प्रत्यक्ष गाडगेबाबा दिसतात. बाबुराव पेंढारकर जोतिबा, सुलोचनाबाई सावित्री. त्याला मराठी चित्रपटाचं रौप्यपदक मिळालं. चरित्रपट असला, तरी त्याच्या पोटात एक घर आहे. मुली शिकवल्या म्हणून बापानं घराबाहेर काढलेलं जोडपं, आणि पुढं एका ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेऊन वाढवणारे आईबाप. रक्ताबाहेर, जातीबाहेर वाढलेलं कुटुंब! श्यामच्या घरानं अंगणापर्यंत जाऊन मोळी उचलून दिली. जोतिबांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौदच अस्पृश्यांसाठी उघडला, आणि नंतर आंघोळ करा असं कोणाला सांगितलं नाही. एकाच दिग्दर्शकाचे, लागोपाठच्या दोन वर्षांतले हे दोन चित्रपट. आपण पहिला घरोघरी नेला, दुसरा जयंतीपुरता ठेवला. ही निवड अत्र्यांची नव्हती, ती आपली होती.

२०२३ च्या चित्रपटाबद्दल एवढंच म्हणेन. त्याच्या करणाऱ्यांची निष्ठा, रंग टाळण्याचं धाडस, काळ उभा करण्याची मेहनत, सगळं मान्य. पण १९५३ च्या प्रेक्षकापुढे दलित साहित्य नव्हतं. २०२३ च्या प्रेक्षकापुढे बागुल होते, निंबाळकर होते, खोतीविरुद्धच्या लढ्याचा इतिहास होता. तेच पुस्तक पुन्हा हातात घेताना, त्या मोळीवालीच्या मागोमाग चार पावलं तिच्या वस्तीकडे जावीत, एवढी अपेक्षा करणं जास्त नाही. त्यानं आईचा मोठेपणा कमी झाला नसता. ती किती मोठ्या भिंतीशी झगडत होती, ते उलट कळलं असतं.

तर एखादा जुन्या काळाचा कौटुंबिक चित्रपट बघाल, तेव्हा डोकी मोजत बसू नका. तीन प्रश्न विचारा. या घरातलं धान्य कोणी पिकवलं, सरपण कोणी आणलं? ती माणसं कुठपर्यंत आत येऊ शकतात, आणि कॅमेरा त्यांच्यापर्यंत बाहेर जातो का? त्यांच्या घरी कोणी मेलं, तर हा चित्रपट थांबेल का? तीनही उत्तरं ‘नाही’ आली, तरी चित्रपट टाकून देऊ नका. तो प्रेमानं बघा, त्यातली आई आपली माना. आणि घरी गेल्यावर आपल्या पोरांना निंबाळकरांची ती कविता वाचून दाखवा. दोन्ही आया एकाच संध्याकाळी त्यांच्या कानावर पडू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.